टोपलीतले मासे आणि त्यांची सालं

या आठवड्यात ऊस लागणीच्या बेण्याबद्दल लिहायचं होतं, ते पुढच्या खेपेला. आज माशांवर लिहितो. इतिहास म्हटलं की गड, लढाया आठवतात, पण आपल्या उजनीच्या पाण्यातला एकेक मासा कुठल्या ना कुठल्या सालाचा आहे, हे कुणी फारसं सांगत नाही.

कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. धरण काठोकाठ, ऊसतोडीच्या टोळ्या अजून यायच्या होत्या, रानात वाफसा नव्हता. म्हणजे शेतकऱ्याला वर्षातून एकदा मिळणारी खरी सुट्टी. मी, माझा शाळासोबती भोई, आमचे रिटायर मास्तर आणि त्यांचे पुण्याचे जावई, असे चौघे पहाटे होडीत बसलो. पाण्यावर धुकं होतं. बाभळीचे शेंडे पाण्याबाहेर डोकावत होते. त्या बाभळी जुन्या शिवारातल्या, आता त्यांच्या बुंध्याला होडी बांधतात.

दुपारपर्यंत गळाला आणि भोयाच्या जाळ्याला मिळून जे लागलं ते असं: चिलापी अठरा, एक रोहू, एक बऱ्यापैकी शिंगटा, आणि एक काळा, खरबरीत, चिलखत घातल्यासारखा सकर. जावयांनी विचारलं, "इथला मूळचा कुठला यातला?" भोयानं शिंगट्याकडं बोट केलं. "ह्यो एकटा. बाकी समदे पाव्हणे."

तिथून बोलणं सुरू झालं ते दिवस मावळेपर्यंत.

आधी नदीचं सांगतो. विल्यम सायक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी होता. 1824 ते 1831 या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करायचं काम त्याच्याकडं होतं. पिकं, माणसं, जनावरं, पक्षी, आणि मासेही. 1839 साली त्यानं आपल्याकडच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. त्यातला सगळ्यात नावाजलेला म्हणजे दख्खनचा महसीर, आपला खडस. तो सायक्सला मिळाला पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. हीच मुळा-मुठा पुढं भीमेला मिळते आणि भीमा आपल्या उजनीत येते. म्हणजे जगातल्या पुस्तकांत या माशाचा पत्ता आपल्या नदीचा लिहिलेला आहे.

मला गंमत याची वाटते की सायक्सनं नावं आपल्याच लोकांची ठेवली. काठावरच्या मासेमाराला विचारलं, तो जे म्हणाला ते लॅटिनमध्ये घातलं. महसीराचं शास्त्रीय नाव 'टोर खुद्री', त्यातलं खुद्री मराठीच. तसंच पोटेल, कोळस, नुक्ता, फुलुंगी. लंडनच्या विद्वानांनी दोनशे वर्षं ही नावं घोकली. नावं सांगणाऱ्या माणसांचं नाव मात्र कुठं नाही. मास्तर हे सांगत होते तेव्हा भोयानं 'नुक्ता' ऐकला आणि म्हणाला, "नाकावर टेंगूळ असतंय तो. आबा सांगायचा. म्या काय बघितला न्हाय."

महसीराला वाहतं, थंड, स्वच्छ पाणी लागतं. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलटा वर चढतो आणि दगडगोट्यांच्या तळात अंडी घालतो. 1980 साली उजनी पुरं झालं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. ज्या डोहात पोहायला शिकलो तिथं आता किती पुरुष पाणी आहे कुणास ठाऊक. नदी वाहायची थांबली आणि समुद्र झाला. 117 टीएमसीचं धरण, त्यातलं 63 टीएमसीच्या आसपास मृत साठा. उन्हाळ्यात पेपरात 'उजनी उणे टक्क्यांत' अशी बातमी येते ती याच मृत साठ्यातली. शेतकऱ्याच्या काळजात धस्स होतं, पण माशांच्या दृष्टीनं हाच साठा मोलाचा. तळ कधी कोरडा पडत नाही म्हणून मासा तगून राहतो.

पाणी आलं, रानं गेली. ज्यांची गेली त्यांच्यातल्या कित्येकांनी नांगर सोडून जाळं धरलं. भोई लोकांचा धंदा वाडवडिलांचा, पण आमच्यासारखे कुणबी-मराठेही होडीत बसले. इतक्या मोठ्या पाण्याला मासा कुठून आणायचा? इथं टोपलीतल्या रोहूचं साल येतं.

कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे म्हणून नावाजलेले मासे. साचलेल्या तळ्यात ते वाढतात चांगले, पण अंडी घालत नाहीत. म्हणून पूर्वी पुराच्या वेळी नदीतनं त्यांचं बीज गोळा करून आणावं लागायचं. मग 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना हौदात अंडी घालायला लावली. शेतकऱ्याला कृत्रिम रेतनाचं जितकं महत्त्व, तितकंच मत्स्यशेतीत याचं. आजही 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. ते इंजेक्शन नसतं तर उजनीसारख्या धरणांत सोडायला इतकं बीज मिळालंच नसतं. अडचण एवढीच की हा मासा म्हणजे विकत आणायचं संकरित बियाणं. वरच्या पुरात थोडीफार अंडी पडतात, पण त्यावर भरवसा नाही. बीज सोडलं नाही की चार-पाच वर्षांत कटला विरळ होतो.

आणि ती रिकामी जागा चिलापीनं घेतली. तिलापिया मूळचा आफ्रिकेचा. 1952 साली श्रीलंकेतून भारतात आणला, गरिबाला स्वस्त प्रथिन मिळावं म्हणून. हेतू चांगलाच होता. पण चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते, वर्षातून अनेकदा वितेही. तिला बीज नको, इंजेक्शन नको. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी नदीतून आपल्याकडं येतं, त्यातही ती जगते. रानात गाजर गवत जसं पसरलं तशीच ही. फरक इतकाच की ही खाता येते! भिगवणला मच्छी थाळी खाऊन गेलेल्या शहरी पाव्हण्यांना विचारा, बऱ्याच ताटांत चिलापीच असते. तिला नुसतं शिव्या देणाऱ्यांशी माझं पटत नाही. कटला गेला त्या वर्षांत काठावरच्या कित्येक चुली हिनंच पेटत्या ठेवल्या.

सकराचं मात्र मला काहीच कौतुक नाही. दक्षिण अमेरिकेचा हा मासा काचेच्या टाकीतलं शेवाळ खायला लोक घरी आणतात आणि मोठा झाला की नदीत सोडतात. अलीकडं उजनीत तो जाळ्यात येतो, काटेरी अंगानं जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही.

जेवताना मास्तरांनी मुद्दा काढला. लोणावळ्याला, जिथं इंद्रायणी उगवते त्या भागात, टाटांच्या वळवण धरणावर 1970 च्या दशकापासून महसीराची पैदास करतात. तिथून पिल्लं आणून आपण वर्गणीतून उजनीत सोडूया. मास्तर काश्मीरला जाऊन ट्राउट खाऊन आलेले. म्हणाले, तो ट्राउटही परदेशीच. 1899 ला आणलेली अंडी वाटेत मेली, 1900 ला पुन्हा आणली ती जगली, आणि आज काश्मीर त्याला आपला म्हणतं. मग आपला मासा आपण का आणू नये?

जावई माशांच्या अभ्यासातले. त्यांनी कावेरीची गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला एक वेगळाच, अजस्र महसीर होता. महसीर वाचवायचे म्हणून लोणावळ्याच्या पैदाशीतले आपले दख्खनी महसीर तिथं सोडले. ते तिथं इतके पसरले की मूळचा मासा मागं पडला. 2018 साली तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आपल्याकडं चिलापीनं जे केलं, ते आपल्या खडसानं कावेरीत केलं.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण ही तर त्याचीच नदी."

भोयानं शिंगट्याला मीठ-हळद लावता लावता उत्तर दिलं. "नदी त्याची हाय मास्तर, पण ह्ये पाणी नदी न्हाय. सोडायचं तर वर सोडा, जितं धार चालतीय. आन् आदी ती बारीक आसाची वडापची जाळी बंद करा. बोटाएवढी पोरं उपसत्यात. खडस काय, कटल्याचं बीज टाकलं तरी तीन महिन्यांत साफ."

मला त्याचं पटतं. वर्गणीचे पैसे आधी कटल्याच्या बोटुकल्यांवर खर्च व्हावेत आणि पावसाळ्यात लहान आसाच्या जाळ्यांवर काठावरच्या गावांनीच पाळत ठेवावी, असं माझं मत. मास्तर अजून महसीरावर अडून आहेत. येत्या रविवारी देवळात बसायचं ठरलंय, काठावरच्या ज्यांना यायचं त्यांनी या. सकर जाळ्यात आला तर परत पाण्यात टाकू नका, बांधावर पुरा.