सैनिकी व्यक्तिचित्रे : अमेरिकी यादवी युद्ध

अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिकांनी गणवेशात काढून घेतलेली छायाचित्रे, त्यांचा संग्रह आणि त्यांतील माणसांची ओळख पटवण्याचा अभ्यास. भरती झाल्यावर गावातल्या स्टुडिओत किंवा छावणीजवळ तंबू ठोकून बसलेल्या छायाचित्रकाराकडे शिपाई चित्र काढून घेत आणि घरी पाठवत. पिढ्या उलटल्या, घरे मोडली, चित्रे बाजारात आली आणि बहुतेकांची नावे वाटेतच गळून पडली. आता त्यांचा माग काढायचा तो प्रामुख्याने गणवेशावरून.

चित्रे मुख्यतः तीन प्रकारची. अँब्रोटाइप काचेवर, टिनटाइप लोखंडी पत्र्यावर, तर कार्ट-द-व्हिजिट कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले. पहिल्या दोन प्रकारांत निगेटिव्हवरून छपाई होत नसे, त्यामुळे प्रत्येक चित्र एकमेव. शिवाय त्यांतली प्रतिमा बहुधा आरशातल्यासारखी उलटी असते. पट्ट्याच्या बकलावरची ‘यूएस’ ही इंग्रजी अक्षरे उलटी दिसतात आणि डाव्या कमरेची तलवार उजवीकडे जाते. म्हणून अनुभवी संग्राहक आधी कोटाची बटणे कोणत्या बाजूला आहेत ते पाहतो, मग बाकीचे.

रंगांचा घोळ याहून मोठा आहे. त्या काळच्या कलोडिअन या छायाचित्रण प्रक्रियेला निळा प्रकाश चटकन भिडे. लाल-पिवळा जवळजवळ भिडतच नसे. संघराज्याच्या (उत्तरेच्या) सैन्यात पायदळाच्या फितींचा रंग फिका निळा, घोडदळाचा पिवळा आणि तोफखान्याचा लाल. त्यामुळे चित्रात पायदळ सार्जंटच्या बाहीवरच्या तीन पट्ट्या उजळ उठून दिसतात, तर तोफखान्याच्या सार्जंटच्या पट्ट्या गडद कोटात बुडून जातात. लाल आणि पिवळा यांत फरक करणे तर फारच अवघड. अशा वेळी टोपीवरचे पितळी चिन्ह उपयोगी पडते: पायदळाला शिंग, घोडदळाला एकमेकांवर आडव्या दोन तलवारी, तोफखान्याला तशाच दोन तोफा. त्यासोबत रेजिमेंटचा आकडा आणि कंपनीचे अक्षर असेल तर नशीबच. मग भरतीच्या याद्या उघडता येतात.

काळ ठरवायला कोअरचे, म्हणजे सैन्याच्या मोठ्या विभागांचे, बिल्ले कामी येतात. मार्च १८६३ मध्ये जनरल जोसेफ हुकरच्या हुकमाने संघराज्याच्या पोटोमॅक सैन्यात ते लागू झाले. पहिल्या कोअरला वर्तुळ, दुसऱ्याला तिपानी, तिसऱ्याला चौकट. आणि त्यांतही पहिल्या डिव्हिजनचा लाल, दुसऱ्याचा पांढरा, तिसऱ्याचा निळा. कार्ट-द-व्हिजिटची पाठही बोलते. १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात छायाचित्रांवर कर होता, त्यामुळे मागे महसुली तिकीट असेल तर ते चित्र याच काळात विकले गेलेले.

पण गणवेशावर आंधळा विश्वास टाकू नये. हातातले पिस्तूल किंवा सुरा पुष्कळदा छायाचित्रकाराच्याच सामानातला असे. राखाडी कोट दिसला की दक्षिणेचा शिपाई, हा समजही खोटा. युद्धाच्या सुरुवातीला उत्तरेची न्यूयॉर्कची सातवी रेजिमेंटही राखाडीच घालत होती. विक्रेत्यांनी एका संरक्षक पेटीतले चित्र दुसऱ्या पेटीत बसवल्याची उदाहरणे आहेत. चित्र कुठून आले, कोणाच्या घरात होते, ही माहिती पेटीइतकीच जपायला हवी.

या माहितीचे मोल लिलियनक्विस्ट संग्रहात दिसते. टॉम लिलियनक्विस्ट आणि त्यांच्या मुलांनी २०१० मध्ये जवळपास ७०० अँब्रोटाइप आणि टिनटाइप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले. त्यातल्या एका चित्रात गणवेशातला कृष्णवर्णीय सैनिक, त्याची पत्नी आणि दोन मुली आहेत. त्याचे नाव कोणालाच माहीत नाही. मात्र चित्र मेरीलँडमधल्या सेसिल काउंटीत सापडले, म्हणून त्या राज्यात उभ्या राहिलेल्या सात कृष्णवर्णीय रेजिमेंटांपैकी एकीत तो असावा, असा ग्रंथालयाचा अंदाज आहे. गणवेशाने जे सांगितले नाही ते इथे काउंटीच्या नावाने सांगितले.

२०१८ पासून ‘सिव्हिल वॉर फोटो स्लूथ’ हे संकेतस्थळ चेहऱ्यांची संगणकीय तुलना आणि गणवेशाचे तपशील यांची सांगड घालते. ते संभाव्य नावे पुढे करते. निर्णय माणसानेच घ्यायचा, कारण दाढीमिशांतले चेहरे सहज फसवतात.

चुकीची ओळख कधी कधी हेतुपुरस्सर लादली जाते. फिलाडेल्फियात १८६४ च्या सुमारास संघराज्याच्या कृष्णवर्णीय सैनिकांचे एक गटचित्र काढले गेले. पुढे कोणीतरी त्यातला गोरा अधिकारी कापून टाकला, वर ‘लुइझियाना नेटिव्ह गार्ड’ आणि १८६१ असे घातले आणि हे दक्षिणेच्या बाजूने लढलेले कृष्णवर्णीय असल्याचा पुरावा म्हणून ते फिरवले. जेरोम हँडलर आणि मायकेल ट्यूट या अभ्यासकांनी मूळ चित्राशी ताडून ही बनावट उघड केली. सैनिकांच्या अंगावरचे ओव्हरकोट संघराज्याच्या सैन्याचेच होते.