परवाना आणि जाळे : बहुसंगणकीय रेंडरिंगच्या दोन मर्यादा

२०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली व खारघर तिच्या हद्दीत समाविष्ट झाले. खारघर रेल्वे स्थानकासमोर, बेलापूरच्या बाजूस, प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) वास्तू आहे. या संस्थेत दोन प्रवाह येऊन मिळाले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेले मूळ केंद्र हा एक. १९८५ साली मुंबईत सुरू झालेले व २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हा दुसरा. एकाच कामास अनेक संगणक जुंपताना कोणत्या अडचणी येतात, हे या दोहोंच्या पूर्ववृत्तावरून स्पष्ट होते.

पहिली अडचण परवान्याची होय. १९८० च्या दशकात भारताने क्रे कंपनीचा महासंगणक मागितला असता अमेरिकेने त्याहून कमी शक्तीचे यंत्र, तेही हवामानाच्या अंदाजापुरते व देखरेखीच्या अटींसह, देऊ केले. यातून पुण्याच्या केंद्राने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली निराळा मार्ग धरला. एका बलाढ्य यंत्राऐवजी अनेक लहान प्रक्रियक जोडून १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यातील प्रत्येक ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. त्यांची कमाल गती सेकंदाला २ कोटी बिट इतकी होती. परवान्याची अडचण अशा रीतीने ओलांडली गेली. परंतु तिच्या जागी प्रक्रियकांमधील दळणवळणाची अडचण उभी राहिली.

रेंडरिंग म्हणजे त्रिमितीय आराखड्यावरून प्रकाश व छाया यांचे गणित करून चित्रचौकट तयार करणे. हवामानाच्या गणितात प्रत्येक भागास शेजारच्या भागाचे उत्तर वारंवार लागते. चित्रपटाची एक चौकट मात्र बहुधा दुसरीवर अवलंबून नसते. म्हणून हे काम वाटून देणे सोपे. १९९५ सालच्या 'टॉय स्टोरी'साठी पिक्सारने ११७ सन संगणकांवर सुमारे १ लाख १४ हजार चौकटी तयार केल्या. तथापि प्रत्येक यंत्राकडे आराखडे व पोतांची चित्रे पोहोचवावी लागतात आणि तयार चौकट परत आणावी लागते. मुंबईच्या केंद्रात सुमंत पट्टनाईक व एस. पी. मुदूर यांनी प्रकाशगणितावर संशोधन केले. तेच केंद्र अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या आरंभीच्या सहभागी संस्थांपैकी एक होते. त्या काळच्या ९६०० बिटांच्या दुव्यावरून ६४० बाय ४८० ठिपक्यांची, २४ बिट रंगांची एक असंकुचित चौकट पाठविण्यास सुमारे १३ मिनिटे लागली असती. पडद्यावरील एका सेकंदाच्या २४ चौकटींना ५ तासांहून अधिक. गणित जलद होऊनही वाट अपुरी पडते, ती अशी.

परवान्याचा प्रश्नही पुढे रूप बदलून परतला. निर्यात-परवाना राष्ट्रास व यंत्रास लागू होता. सॉफ्टवेअरचा परवाना यंत्रांच्या संख्येस लागू झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून 'तरत्या' परवान्याची पद्धत रूढ झाली. तीत एक मध्यवर्ती संगणक जाळ्यावरून ठरावीक संख्येने परवाने वाटतो. परवाने २० आणि यंत्रे ३० असतील, तर १० यंत्रे त्या कामापुरती रिकामी राहतात. जाळे तुटल्यास उरलेलीही थांबू शकतात. येथे दोन्ही मर्यादा एकमेकींत गुंतल्या. २००२ साली ब्लेंडरची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली खुली झाल्यावर यंत्रांमागे शुल्क देण्याची गरज त्या प्रणालीपुरती उरली नाही; पोतांच्या संचिका वाहून नेण्याचा भार मात्र तसाच राहिला.

१९६७ साली जीन अॅम्डाल यांनी दाखविले की कामाचा विसावा हिस्सा जरी वाटता न येण्याजोगा असेल, तरी कितीही यंत्रे जोडून वेग वीसपटींपलीकडे जात नाही. परवाना मिळण्याची व सामायिक संचिका उघडण्याची प्रतीक्षा हा व्यवहारात असाच न वाटता येणारा हिस्सा ठरतो. सबब बहुसंगणकीय कार्याचा इतिहास केवळ प्रक्रियकांच्या संख्येवरून लिहिणे अपुरे होय. ती यंत्रे चालविण्याचा अधिकार कोणाकडे होता व त्यांच्यामधील वाट किती रुंद होती, याची नोंद त्या संख्येइतकीच आवश्यक आहे.