दहा आस आणि वीस वर्षे

मृत समुद्राच्या काठावरच्या मसादा किल्ल्याचे उत्खनन १९६३ ते १९६५ या काळात झाले, तेव्हा तिथे पपायरसचे काही तुकडे मिळाले. त्यातला एक रोमन शिपायाच्या पगाराचा हिशेब आहे. शिपायाचे नाव गायस मेसियस, गाव बैरुत. काळ व्हेस्पेशियन सम्राटाचा, म्हणजे रोमनांनी मसादा घेतला त्या सुमाराचा. पगाराचा हप्ता मिळाला ५० दिनार. त्यातून वजा : जव १६, जेवणखर्च २०, बूट ५, चामड्याचे पट्टे २, लिननचा अंगरखा ७. वाचकांनी बेरीज करून पाहावी. बरोबर ५० होतात. हातात शून्य.

(दिनार हा शब्द आपल्याला परका नाही. रोमनांचा ‘देनारिउस’ व्यापाराच्या वाटेने इकडे आला आणि संस्कृतात ‘दीनार’ होऊन बसला.)

एका हप्त्यावरून साऱ्या सैन्याचा निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे. जवाचा खर्च पाहता मेसियस घोडेस्वार असावा, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर घोड्याचे पोटही त्याच्याच पगारातून भरले जात होते. पण हा हिशेब वाचल्यावर मी इ. स. १४ च्या बंडाचा वृत्तान्त पुन्हा काढून वाचला. तरुणपणी तो वाचला तेव्हा मी त्याच्या लेखकाच्या बाजूने होतो. आता तसा राहिलो नाही.

लेखक म्हणजे टॅसिटस. तो स्वतः सिनेटर, आणि घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिणारा. ऑगस्टस वारला १९ ऑगस्ट रोजी. डॅन्यूबकडच्या पॅनोनिया प्रांतात तीन लिजन, म्हणजे तीन पलटणी, उन्हाळी छावणीत होत्या. सुतकामुळे सेनापती ब्लेससने रोजची कवायत थांबवली आणि रिकामी माणसे बोलू लागली. त्यांचा म्होरक्या परसेनियस. हा पूर्वी नाटकगृहात भाडोत्री टाळ्या वाजवणाऱ्यांचा पुढारी होता, असे टॅसिटस मुद्दाम सांगतो. मतलब असा की, हा नाटक्या माणूस, याचे काय ऐकायचे?

पण याच नाटक्याच्या तोंडी टॅसिटसने जे भाषण घातले आहे, त्यात एकही मोघम वाक्य नाही. लोक तीस तीस, चाळीस चाळीस वर्षे नोकरी करून म्हातारे झाले. निवृत्ती मिळाली तरी वेगळ्या निशाणाखाली ठेवून तेच काम करून घेतात. शेवटी जमीन म्हणून देतात ती दूरदेशची दलदल, नाहीतर डोंगरउतार. जिवाचे आणि देहाचे मोल दिवसाला दहा आस, आणि त्यातूनच कपडे, हत्यारे, तंबू. शिवाय मार चुकवायला आणि कामातून सूट मिळवायला सेंच्युरियनची, म्हणजे साधारण ऐंशी शिपायांवरच्या नायकाची, मूठ दाबायची ती वेगळीच. मागण्या म्हणाव्यात तर दिवसाला एक दिनार, सोळा वर्षांची नोकरी, त्यानंतर अडकवून ठेवणे नाही, आणि मिळायचे ते छावणीतच रोख.

सोळा आसांचा एक दिनार. दहा आस रोजाने वर्षाचे २२५ दिनार होतात, आणि ते ७५-७५ च्या तीन हप्त्यांत मिळत. सम्राटाच्या शरीररक्षक दलाला सोळाच वर्षांची नोकरी होती आणि पगार कितीतरी अधिक. परसेनियसला हे आकडे पाठ होते. बंडखोरापेक्षा तो मला कामगार पुढारी वाटतो.

सोळा वर्षांची मागणीही त्याने हवेतून आणली नव्हती. इ. स. पू. १३ मध्ये खुद्द ऑगस्टसने हीच मुदत ठरवून दिली होती. त्यामागे रोमचा कडू अनुभव होता. इ. स. पू. १०७ मध्ये मारियसने बिनजमिनीच्या गरिबांना सैन्यात घेतले. त्यांना नोकरीनंतर पोट भरायला जमीन हवी होती. सिनेट ती द्यायला नाखूष, त्यामुळे ती मिळवून देणार सेनापती. साहजिकच शिपाई प्रजासत्ताकाचा न राहता सेनापतीचा झाला. पुढची यादवी युद्धे या एका गोष्टीने झाली असे मी म्हणणार नाही, पण हिच्याशिवाय ती लढली गेली नसती. इ. स. पू. ४१ मध्ये निवृत्त शिपायांच्या सोयीसाठी इटलीतल्या अनेक गावांच्या जमिनी हिसकावल्या गेल्या. शिपायाला जमीन देणारा सेनापती दुसऱ्या कुणाला तरी देशोधडीला लावत होता.

ऑगस्टस त्याच वाटेने सत्तेवर आला होता, त्यामुळे ती वाट बंद केली पाहिजे हे त्याच्याइतके कुणाला कळणार? जमिनीसाठी त्याने इटलीत सुमारे ६० कोटी आणि प्रांतांत सुमारे २६ कोटी सेस्टर्स मोजले, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. इ. स. ५ मध्ये मुदत वीस वर्षे झाली आणि निवृत्तीला १२,००० सेस्टर्स रोख ठरले. ही रक्कम वार्षिक पगाराच्या तेरा पटींहून अधिक. पुढच्याच वर्षी त्याने सैनिकी खजिना उघडला, पदरचे १७ कोटी त्यात घातले, आणि कायमची सोय म्हणून वारसाहक्कावर पाच टक्के व लिलावाच्या विक्रीवर एक टक्का कर बसवला. जवळच्या नातलगांना वारसाकर माफ होता, तरी सिनेटर कुरकुरलेच. तेव्हा म्हाताऱ्या ऑगस्टसने जमिनीवर कर बसवण्याचा धाक घातला आणि ते गप्प झाले.

पैसा कमी पडला की यावर सोपा उपाय एकच : निवृत्ती लांबवायची. इ. स. ९ मध्ये जर्मनीत वारसच्या तीन पलटणी कापल्या गेल्यावर तर जुना शिपाई सोडणे परवडेना. चाळीस वर्षांची नोकरी घडते ती अशी.

ऱ्हाईनच्या छावण्यांतही त्याच वेळी बंड उठले. सेनापती जर्मानिकस आला, तेव्हा काही म्हाताऱ्या शिपायांनी चुंबन घेण्याच्या मिषाने त्याचा हात धरला आणि त्याची बोटे स्वतःच्या तोंडात घातली. दात नसलेल्या हिरड्या त्याच्या हाताला लागाव्यात म्हणून. अर्जविनंत्यांचा एवढा बिनतोड प्रकार मी दुसरीकडे वाचलेला नाही.

बंडात क्रौर्यही होते, ते झाकण्यात अर्थ नाही. पॅनोनियात लुसिलियस नावाच्या सेंच्युरियनला ठार मारले. शिपायाच्या पाठीवर द्राक्षवेलीची छडी मोडली की तो दुसरी मागे, मग तिसरी. त्याचे टोपणनावच ‘दुसरी आण’ पडले होते. ऑफिडिएनस रूफस या अधिकाऱ्याला गाडीतून ओढून काढले, पाठीवर ओझे लादले आणि पुढे घालून चालवले. तो स्वतः खालून वर चढलेला, म्हणून अधिकच कडक. अशी माणसे प्रत्येक कचेरीत असतात.

पॅनोनियातले बंड मोडले ते चंद्रग्रहणाने. टायबेरियसचा मुलगा ड्रूसस छावणीत पोहोचला त्या रात्री, सप्टेंबरअखेर, चंद्र काळवंडला. शिपायांनी तांब्या-पितळेची भांडी बडवली, तुताऱ्या फुंकल्या. ढगांनी तो पुरता झाकल्यावर देव कोपले म्हणून ते खचले. ड्रूससने संधी साधली. परसेनियसला मारण्यात आले. मग पाऊस लागला आणि पलटणी हिवाळी छावण्यांकडे निघाल्या.

ऱ्हाईनवर जर्मानिकसने टायबेरियसच्या नावाचे बनावट पत्र वाचून दाखवले : वीस वर्षांनी पूर्ण मुक्ती, सोळा वर्षांनी कवायतीतून सुटका, शत्रू आला तरच लढायचे. रोख रकमेसाठी हट्ट धरून बसलेल्या पलटणींना त्याने आपल्या आणि मित्रांच्या प्रवासखर्चातून पैसे मोजून दिले.

दुसऱ्याच वर्षी रोमच्या लोकांनी लिलावावरचा एक टक्का कर रद्द करा अशी मागणी केली. टायबेरियसने जाहीर केले की सैनिकी खजिना याच करावर उभा आहे, आणि वीस वर्षांच्या आत शिपाई सोडणे राज्याला झेपणारे नाही. बंडातली सोळा वर्षांची सवलत तिथेच संपली. इ. स. १७ मध्ये कॅपडोशिया साम्राज्यात आला, तिथला महसूल मिळू लागला, आणि लिलावाचा कर एक टक्क्यावरून अर्ध्यावर आणण्यात आला. नोकरीची वर्षे होती तितकीच राहिली.