मातीच्या दिंडीचे रंगकाम

1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले, पुढे ते शिंद्यांच्या अमलाखाली गेले. या उलथापालथीत तापीकाठी स्थिरावलेल्या मराठी घरांनी आपले सणवार सोबत आणले. गणपती आणि महालक्ष्म्यांपुढील आरास हा त्यांतलाच एक भाग. मराठी घरांतील अशा आराशीत दिंडीचा देखावा विशेष आवडीचा. बुऱ्हाणपूरकरांस तर तो अधिकच जवळचा, कारण मुक्ताबाईंची पालखी शेजारच्या मुक्ताईनगरहून निघते. मानाच्या सात पालख्यांत हिची वाट सर्वांत लांब, पाचशेहून अधिक किलोमीटरची.

चार बोटे उंचीचा शाडूचा वारकरी साच्यातून निघतो तेव्हा सारे एकाच तोंडवळ्याचे असतात. त्यांना माणसे करणे हे रंगाऱ्याचे काम. माती पूर्ण वाळल्यावर खडू व डिंकाचे पांढरे अस्तर द्यावयाचे, मग अंगरंग, मग वस्त्रे आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. जुन्या काळी यास गेरू, पेवडी, हिंगूळ, नीळ आणि काजळी पुरत असे. एवढ्याशा चेहऱ्यावर डोळा म्हणजे एक ठिपका व एक रेघ. ती किंचित वर गेली तरी वारकरी दचकल्यासारखा दिसतो. गोपीचंदनाचा टिळा व त्यावरील बुक्का काढताना केसांचा अगदी बारीक कुंचला लागतो. एकाच्या मिशा पांढऱ्या केल्या, दुसऱ्याच्या धोतराच्या काठास चिखलाचा पुसट हात दिला, की साचा लपतो.

तरीही खरी परीक्षा रंगात नसून रांगेत आहे. दिंडीत पुढे पताकाधारी, मागे दोन ओळींत टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंगी, त्यांच्या पाठीमागे विणेकरी आणि नंतर डोईवर तुळशीवृंदावन व पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया असा क्रम असतो. विणेकरी दिंडीचा प्रमुख, म्हणून हौशी मंडळी त्यास सर्वांपुढे उभा करतात. देखावा सुंदर दिसतो, पण ती दिंडी उरत नाही. दुसरा मोह आपल्या गावाचाच. बुऱ्हाणपूर हे कलाबतूचे गाव. सोन्याच्या मुलाम्याची रुप्याची तार रेशमावर गुंडाळणारे हात येथे पिढ्यान्‌पिढ्या होते. पताकेस जरीचा काठ लावावासा वाटणे स्वाभाविकच. परंतु वारीची पताका साध्या भगव्या कापडाची. जर शोभते ती पालखीच्या छत्रास.

मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात (1872 मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून खुले झाले) लोकजीवन दाखविणाऱ्या मातीच्या लहान प्रतिमा आहेत. काचेआड असल्याने त्या टिकल्या आणि आज पोशाखांच्या अभ्यासास उपयोगी पडतात. घरच्या आराशीचे तसे नाही. काही बाहुल्या पेटीत जातात, काही गणपतीबरोबर पाण्यात. मागे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तयार मूर्ती आल्या, त्यांत विणेकरी आणि टाळकरी यांचा भेदही बुजला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये प्लास्टरविरुद्ध सूचना काढल्यानंतर शाडूकडे पुन्हा लक्ष वळले आहे.

ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी यंदा आरास मांडताना एक छायाचित्र घेऊन, पुतळ्यांचा क्रम व रंग कागदावर टिपून ग्रंथालयात द्यावे. पोथ्यांच्या कपाटाशेजारी त्यास जागा आहे.