सॅमनची परतवाट

लढाया आणि तह यांचा इतिहास मी शाळेत शिकवतो. पण स्वयंपाकघरालाही इतिहास असतो, आणि मौज अशी की, तो कधी कधी तहाच्या कलमांपर्यंत जाऊन पोचतो. सॅमन माशाची हकीकत अशीच आहे.

अमेरिकेत संध्याकाळी कामावरून दमूनभागून आलेले माणूस सॅमनचा शेंदरी तुकडा थाळीत ठेवते, सोया सॉस, मध, आले-लसूण यांचा लेप त्याला चोपडते आणि तापल्या ओव्हनमध्ये सरकवते. पंधरा मिनिटांत लेप आटून चकाकू लागतो, की जेवण तयार! ही चकाकी जपानी स्वयंपाकातली. ‘तेरियाकी’मधला ‘तेरी’ म्हणजे तकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेले.

आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरे. पण रावस निराळ्या कुळातला. खरा सॅमन थंड मुलखातला. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्याच्या वेळी वासाचा माग काढीत आपल्या जन्माच्या नदीत परततो. लेक माहेरची वाट विसरत नाही, तसा.

अमेरिकेच्या वायव्येकडील कोलंबिया नदीवर सेलिलो नावाचा धबधबा होता. तेथे हजारो वर्षे मूळ रहिवासी खडकांवर लाकडी माच बांधून लांब दांड्याच्या जाळ्यांनी सॅमन धरीत. हंगामातला पहिला मासा सर्वांनी मिळून आदराने खायचा, मग मासेमारी. अशी त्यांची रीत. 1805 साली लुईस आणि क्लार्क तेथे पोचले, तेव्हा वाळवून कुटलेल्या सॅमनने भरलेल्या टोपल्यांच्या राशी त्यांनी पाहिल्या. 1855 च्या तहांत या लोकांनी अफाट जमीन सोडली; मात्र पूर्वापार जागी मासे धरण्याचा हक्क सोडला नाही.

1866 साली कोलंबियाच्या काठी सॅमन डब्यांत भरण्याचा पहिला कारखाना निघाला. हंगामी मासा बारमाही झाला आणि इंग्लंडमधल्या कामगारांच्या ताटापर्यंत गेला. मग आली धरणे. 1938 च्या बॉनव्हिल धरणाला माशांसाठी पायऱ्या तरी होत्या; ग्रँड कूली एवढे उंच, की तेथे त्याही केल्या नाहीत. वरची सारी नदी सॅमनला बंद झाली. अखेर 10 मार्च 1957 रोजी डॅलेस धरणाचे दरवाजे लावले आणि काही तासांत सेलिलो पाण्याखाली गेला. लोक काठावर उभे राहून पाहत होते. भरपाई मिळाली, पण ज्या गर्जनेच्या सोबतीने पिढ्या वाढल्या, ती गर्जना त्या संध्याकाळी थांबली.

इकडे 1970 साली नॉर्वेच्या हित्रा बेटापाशी ग्रोंटवेट बंधूंनी समुद्रातल्या तरंगत्या पिंजऱ्यांत सॅमनची पिले सोडली. प्रयोग साधला. आज बाजारात येणारा अटलांटिक सॅमन बहुतेक अशाच पिंजऱ्यांतला असतो. त्याचे मांस शेंदरी दिसावे म्हणून खाद्यात रंगद्रव्य घालतात. पंधरा मिनिटांच्या जेवणातला हा मासा स्वस्त झाला, घरोघर पोचला, याचा मला आनंदच आहे. पण बिचाऱ्याला घरची वाट शोधण्याचा प्रसंगच कधी येत नाही.

तहाचे ते कलम मात्र वाया गेले नाही. 1974 साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला, की वॉशिंग्टन राज्यात धरता येण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा तहातल्या जमातींचा. आणि क्लॅमथ नदीवरची चार धरणे मूळ रहिवाशांच्या दीर्घ लढ्यानंतर 2024 पर्यंत पाडली गेली. काम पुरे होऊन काही आठवडे झाले नाहीत, तोच शंभराहून अधिक वर्षे बंद असलेल्या वाटेने सॅमन वर आले!

सेलिलो अजून पाण्याखालीच आहे. 2008 साली ध्वनिलहरींनी तळ तपासला, तेव्हा दिसले, की त्याचे खडक जसेच्या तसे उभे आहेत.