आधी आकार, मग संकरण

अकरावीच्या वर्गात कार्बनचं संकरण एखाद्या घटनाक्रमासारखं सांगितलं जातं. एक इलेक्ट्रॉन वरच्या कक्षकात चढतो, एक एस आणि तीन पी कक्षक मिसळून चार सारखे कक्षक होतात आणि मग अणू बंध जोडायला सज्ज होतो. इतिहासाचा क्रम नेमका उलटा आहे. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळलेले असतात, हे २२ वर्षांच्या रसायनज्ञ फांट हॉफने १८७४ मध्ये मांडलं. ल बेलही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तिथवर पोहोचला. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा लागायचा होता. लाइपझिगच्या रसायनज्ञ कोल्बेने १८७७ मध्ये तरुण फांट हॉफची छापील टवाळी केली, तरी आकार टिकला. पुढे पुंजयांत्रिकी आली आणि खरा पेच पडला: एस आणि पी यांची ऊर्जा वेगळी, पी कक्षक परस्परांशी काटकोनात, मग मिथेनचे चारही बंध सारखे आणि त्यांच्यातला कोन १०९.५ अंशांचा कसा? १९३१ मध्ये पॉलिंग आणि स्लेटर यांनी आपापल्या वाटेने दाखवलं, की या कक्षकांची योग्य बेरीज केली तर त्याच चार दिशा मिळतात. म्हणजे संकरण हा आधीच ठाऊक असलेल्या आकाराचा हिशेब होता.

मग तो नुसता सोयीचा हिशेब का? मिथेनमधून इलेक्ट्रॉन काढताना सुमारे १४ आणि २३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशा दोन वेगळ्या ऊर्जा दिसतात. चार कक्षक सारखे असते तर एकच दिसली असती, हा आक्षेप वजनदार आहे. पण ते मोजमाप इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाच्या अवस्थांबद्दल बोलतं. अख्ख्या मिथेनची इलेक्ट्रॉन-घनता चार सारखे संकरित कक्षक धरले काय किंवा रेणूभर पसरलेले वेगळ्या ऊर्जांचे कक्षक धरले काय, दोन्ही वर्णनांत तीच येते. संकरणाची खरी किंमत मात्र स्थिर रेणूत नव्हे, अभिक्रियेत कळते. वाल्डेनने १८९६ मध्ये मॅलिक आम्लाचं एक रूप त्याच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या रूपात बदलून दाखवलं होतं. नेमकी कोणत्या पायरीवर ही उलटापालट होते, हे कोडं चाळीसेक वर्षं राहिलं. १९३५ मध्ये लंडनमध्ये ह्यूज आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून दाखवलं, की आयोडीनची प्रत्येक अदलाबदल कार्बनची रचना उलटवते. नवा गट मागून येतो, जुना पुढून सुटतो. मधल्या क्षणी उरलेले तीन गट एका प्रतलात येतात आणि कार्बन एसपी३ (एक एस, तीन पी) ऐवजी एसपी२ (एक एस, दोन पी) म्हणून ओळखावा लागतो. एस आणि पी यांचं प्रमाण अणुकेंद्रांच्या हालचालीबरोबर सलग बदलत जातं, त्यासाठी वेगळी अशी पूर्वतयारी कुठेच होत नाही. पाठ्यपुस्तकांनी संकरण ही बंधाआधीची पायरी म्हणून छापणं थांबवावं आणि हा धडा १८७४ पासून सुरू करावा.