ट्रेन्थमचं घर, ड्रिफिल्डचा छापखाना

साताऱ्यात आमचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची आणि तमाशाची पोस्टरं. पत्रिकेवरचा गणपती दोन रंगांत असायचा. आधी हिरवा छापायचा, तो वाळला की त्याच कागदावर लाल. ट्रेडल छपाईयंत्राला कागद लावणाऱ्याचा हात केसभर हलला, तर कपाळावरचं कुंकू कानाकडे सरकायचं. वडील तो कागद उजेडात धरून एवढंच म्हणायचे, "गणपतीनं कूस बदलली." मग तो गठ्ठा रद्दीत. तेव्हापासून रंगीत छापलेलं काही हातात आलं की माझी नजर आधी चित्रावर जातच नाही. कडांवर जाते.

मुलगी लीड्सला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एका रविवारी आम्ही यॉर्कला जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो. कोपऱ्यात एका खोक्यात सुटी चित्रं प्लास्टिकच्या पिशव्यांत उभी लावलेली. "बाबा, हे बघा, तुमच्या कामाचं," म्हणून तिनं एक माझ्या हातात दिलं. वहीच्या पानाएवढा कागद. झाडं, आभाळ, मध्ये मनोरा असलेलं भलंमोठं घर. खाली छापलेलं नाव, ट्रेन्थम हॉल. पिशवीवर दुकानदारानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: रंगीत वुड एन्ग्रेव्हिंग. किंमत पंधरा पौंड. "रुपयांत करू नका," मुलगी म्हणाली. मी केलीच.

पण घ्यायचं ठरलं ते भिंगामुळे. खिशात भिंग असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. आम्ही शेवटी ऑफसेट आणलं, त्या चाररंगी छपाईवर भिंग धरलं की रंग विरघळतो आणि उरते ठिपक्यांची जाळी. निळे, तांबडे, पिवळे, काळे ठिपके. इथे जाळी नव्हती. रेघा होत्या. झाडाच्या सावलीतला हिरवा म्हणजे हिरव्या शाईतल्या केसासारख्या रेघा, त्यांच्याखाली फिकट पिवळसर सपाट रंग, त्यांच्यावर तपकिरी. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि प्रत्येक ठसा कुणीतरी हातानं खोदलेला. इंग्लंडमधली जुनी रंगीत चित्रं पुष्कळदा काळी छापून नंतर कुंचल्यानं रंगवलेली असतात. तिथे रंग रेघेबाहेर जातो, पाण्याच्या कडा दिसतात. माझ्या कागदावर एकदोन जागीच कुंचला लागलेला दिसला. बाकी सगळी छपाई.

असली चित्रं लाकडावर कशी होतात, ते समजून घ्यायला खाटकाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका आठवावा. तो आडवा नसतो, उभा असतो. झाड आडवं कापल्यावर जी वर्तुळं दिसतात, त्या अंगावर सुरा पडतो. आडव्या फळीवर घाव घातला तर ती रेषेत चिरते, उभ्या ओंडक्याचं अंग चिरत नाही. जुना वुडकट फळीवर सुरीनं कापत, म्हणून त्याच्या रेघा जाड. एन्ग्रेव्हिंग या उभ्या अंगावर, धातूवर नक्षी करणाऱ्यांच्या टोकदार सळीनं. हे तंत्र न्यूकॅसलच्या टॉमस ब्युइकनं नावारूपाला आणलं. तो १७५३ साली जन्मला, धातूवर खोदकाम करणाऱ्याकडे उमेदवारी करून पुढे आला, आणि ती हत्यारं त्यानं लाकडावर चालवली. लाकूड बॉक्सवुडचं. ते झाड इतकं सावकाश वाढतं की खोड मनगट-मांडीपलीकडे सहसा जात नाही, पण पोत असा घट्ट की जवळजवळ हस्तिदंत. चांगला माल तुर्कस्तानातून, काळ्या समुद्राच्या बाजूनं यायचा. खोड बारीक म्हणून ठसा लहान. मोठं चित्र हवं असेल तर तुकडे जोडायचे. लंडनची १८४२ पासून सुरू झालेली सचित्र साप्ताहिकं तर मागून बोल्ट आवळलेले तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना वाटून द्यायची आणि सगळे खोदून झाले की पुन्हा एक करायची.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे या ठशाची उंची. ती अक्षराच्या शिशाच्या खिळ्याएवढीच ठेवत, ०.९१८ इंच. मजकूर आणि चित्र एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता यावं म्हणून. आमचे जस्ताचे ब्लॉक पुण्याहून यायचे, लाकडावर ठोकलेले, तेही त्याच उंचीचे. एखादा बसका निघाला की खाली सिगारेटच्या पाकिटाचा कागद चिकटवून उंची भरायची. माझ्या हातातलं चित्र ड्रिफिल्ड गावात ज्यानं छापलं, तो माणूसही कसला ना कसला कागद चिकटवत असणारच.

हा माणूस बेंजामिन फॉसेट. जन्म १८०८, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं ब्रिडलिंग्टन. तिथेच छापखान्यात आणि पुस्तकाच्या दुकानात सात वर्षं उमेदवारी केली, आणि १८३१ साली आतल्या बाजूच्या ड्रिफिल्ड गावात स्वतःचं दुकान थाटलं. ड्रिफिल्ड म्हणजे धान्याच्या बाजाराचं गाव. पुस्तकं, पाट्या-पेन्सिली, बांधणी, किरकोळ छपाई, सगळं एका छपराखाली. आमच्यासारखंच. फरक एवढाच की हा दुकानदार स्वतः लाकूड खोदायचा, आणि रंगाच्या ठशांवर त्यानं जे साधलं ते लंडनच्या नामांकित छापखान्यांनाही अवघड गेलं असतं. १८४६ साली गावाला रेल्वे आली. तिच्यामुळेच हे जमलं असं मला वाटतं. नाहीतर यॉर्कशरच्या कोपऱ्यातून लंडनच्या प्रकाशकाला माल पोचवणार कसा?

दुसरा माणूस पाद्री. फ्रान्सिस ऑर्पन मॉरिस, जवळच्या नॅफर्टन गावचा, पुढे ननबर्नहोमचा. पक्षी, त्यांची घरटी, अंडी, फुलपाखरं यांवर लिहिण्याचा त्याचा सपाटा मोठा. डार्विनचा कट्टर विरोधक, आणि समुद्रपक्ष्यांच्या शिकारीविरुद्ध ओरड करणाऱ्यांत पुढे. त्या ओरडीतून १८६९ चा समुद्रपक्षी संरक्षण कायदा झाला. १८५० पासून निघालेलं त्याचं पक्ष्यांचं पुस्तक फॉसेटनंच छापलं. तेव्हा ठसे काळे छापून रंग हातानं भरत. रंग ठशातूनच छापायचं कसब पुढच्या दहा वर्षांत आलं, पानांच्या आणि झाडांच्या चित्रांवर.

तिसरा अलेक्झांडर फ्रान्सिस लायडन. १८३६ चा जन्म, फॉसेटकडे उमेदवार म्हणून आलेला पोरगा. हाच पुढे छापखान्याचा मुख्य चित्रकार झाला. ठशासाठी चित्र उलटं काढावं लागतं. डावीकडचा मनोरा उजवीकडे. जुळाऱ्याला यात नवल वाटत नाही, आम्ही आयुष्यभर खिळे उलटेच वाचले. पण घर उलटं पाहता येणं ही वेगळी गोष्ट.

या तिघांनी मिळून ब्रिटन-आयर्लंडमधल्या उमराव आणि जमीनदारांच्या वाड्यांची माला काढली. सहा खंड, दोनशेहून अधिक रंगीत चित्रं. हे काम १८८० पर्यंत चाललं. संपादक म्हणून मॉरिस, प्रकाशक लंडनचा विल्यम मॅकेन्झी. चित्राच्या बाजूला मॉरिसचा मजकूर असतो. घराबद्दल थोडं, घराण्याबद्दल फार. कोण कुणाचा मुलगा, कुणाची सोयरीक कुठे, हे भाटासारखं पानभर. चॅट्सवर्थ, कॅसल हॉवर्ड, माझं ट्रेन्थम, असली घरं त्यात. विकत घेणारे कोण असतील याचा अंदाज मला आमच्या धंद्यावरून बांधता येतो. वाड्याचं चित्र आधी वाड्याचा मालक घेतो, मग त्याचे पाहुणे घेतात, आणि मग ज्यांना वाडा कधीच मिळणार नाही ते सगळे घेतात.

फॉसेटची छपाईयंत्रं हातानं ओढायची होती. वाफेवर चालणारी यंत्रं देशभर धडधडत असताना इथे एकेक कागद माणसानं लावायचा, दाब ओढायचा, काढायचा, वाळवायचा, दुसऱ्या रंगाच्या ठशाखाली तोच कागद नेमका त्याच जागी ठेवायचा. एका चित्राला पाच-सहा रंग धरले आणि प्रती काही हजार, तर कागद किती वेळा हाताखालून गेला असेल याचा हिशेब मी बसमध्ये घालत होतो. आम्हाला दोन रंगांत गणपती सांभाळता येत नव्हता.

आता घराकडे येतो. ट्रेन्थम हॉल, स्टॅफर्डशर. सदरलंडच्या ड्यूकचं घर. १८३० नंतर चार्ल्स बॅरीनं ते इटालियन थाटात नव्यानं उभं केलं. लंडनचं पार्लमेंट ज्यानं बांधलं तोच बॅरी. बागेच्या आखणीत उद्यानकार नेसफिल्डचा हात, आणि तळं त्याच्याही आधी, अठराव्या शतकात केपेबिलिटी ब्राउन या उद्यानकारानं घडवलेलं. घराण्याचं सदरलंड हे नाव स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या परगण्याचं. १८११ ते १८२१ या काळात तिथली हजारो कुळं त्यांच्या पिढीजात वस्त्यांतून उठवली गेली, मेंढ्यांना कुरण हवं म्हणून. घरं पेटवल्याच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या आणि कारभारी निर्दोष सुटला. माझ्या चित्रात गवत अतिशय सुंदर हिरवं आहे.

ट्रेन्थमला बुडवलं ते मात्र पाण्यानं. ट्रेंट नदी वरच्या अंगाला चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यांच्या गावांतून येते. गावं फुगली, त्यांची सगळी घाण नदीत, नदी तळ्याजवळून वाहणारी. बागेत उभं राहवेना. १९०५ च्या सुमारास कुटुंबानं घर सोडलं. ड्यूकनं ते शिक्षणसंस्थेसाठी परगण्याला देऊ केलं, पण नदीच्या घाणीची भीती आड आली आणि देणगी नाकारली गेली. फुकट मिळणारा राजवाडा वासामुळे नाकारला गेला, हे वाचून मी मुलीला दोनदा सांगितलं. १९१२ च्या आसपास घर पाडलं. तळं राहिलं, बाग राहिली, बाजूचे काही भाग राहिले. मनोऱ्याचा वरचा मजला दुसऱ्या उमरावानं उचलून काही मैलांवरच्या सँडन हॉलच्या आवारात नेऊन ठेवला. तो अजून तिथे आहे.

छापखान्याचं तरी काय झालं? फोटोवरून ब्लॉक करण्याचं तंत्र आलं आणि खोदणाऱ्यांचा भाव गेला. लायडन १८८० नंतरच्या दशकात लंडनला निघून गेला. फॉसेट आणि मॉरिस दोघेही १८९३ साली, एकाच वर्षी वारले. एका तंत्रानं दुसरं संपवणं आम्हाला दोनदा बघायला मिळालं. जस्ताचा ब्लॉक ऑफसेटनं संपवला आणि आमचं ऑफसेट घरोघरच्या कॉम्प्युटरनं. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. कला शाळेत अगदी सुरुवातीच्या काळात, १८५७ च्या सुमाराला, लाकडावरचं खोदकाम शिकवत. तेही मागे पडलं.

चित्राखाली घराचं नाव ठसठशीत आहे. चित्र काढणाऱ्याचं नाही, खोदणाऱ्याचं नाही, छापणाऱ्याचं नाही. मी चारही कोपरे भिंगाखाली घातले, मागची बाजू पाहिली. काही नाही. आमच्या पोस्टरांवर निदान तळाशी बारीक टायपात छापखान्याचं नाव असायचं. निवडणुकीच्या पत्रकावर तर तो कायदाच होता. तिथे विसरलं की पोलीस पाटील सकाळी सकाळी चहाला यायचा.

परत आल्यावर मुलीनं ते चित्र फ्रेमला टाकायच्या आधी मी पुन्हा एकदा खिडकीत धरलं. मनोऱ्याच्या उजव्या कडेला एक बारीक पांढरी फट दिसली. आभाळाचा निळा केसभर उजवीकडे सरकला होता.

"परत द्यायचं का?" मुलीनं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "मनोऱ्यानं कूस बदललीय."